आधी तू बोल

पारख नावाचं यंत्र येण्यापूर्वी मगदूम सरांच्या खोलीत एक नियम होता. आधी शिकणाऱ्याने बोलायचं, मग सरांनी.

मिरजेतल्या त्या धर्मादाय रुग्णालयात दुर्बिणीची तपासणी तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत चाले. दुर्बिणीची नळी, म्हणजे स्कोप, मोठ्या आतड्यात सरकत जाई, पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा उघडत जाई, आणि एखाद्या घडीपाशी डॉ. जिनदत्त मगदूम हात थांबवत. "काय दिसतंय?" एवढंच विचारत आणि गप्प उभे राहत. शेजारच्या विद्यार्थ्याने जे दिसतंय ते बोलायचं, चुकीचं असलं तरी. वृषाली कोरे तिथे शिकायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, की सरांनी आधी सांगितलं तर वेळ नाही का वाचणार.

"मी आधी बोललो की तुला तेच दिसणार," सर म्हणाले. "डोळा फार आज्ञाधारक असतो."

नियम तेवढा एकच. बाकी एक सवय होती: डागांच्या मागे धावायचं नाही. जत, कवठेमहांकाळ, पार अथणीहून माणसं पहाटेच्या एसटीने येत. आतडं धुऊन निघावं म्हणून रेचक औषध भरपूर पाण्यात मिसळून रात्री आणि पहाटे प्यायचं असतं. पण ते पिऊन एसटीत कोण बसणार? लोक अर्धं पीत, अर्धं मोरीत ओतत. मग आत जागोजागी पिवळट थर राहिलेला असे. प्रत्येक थर फवाऱ्याने धुवायचा म्हटलं तर निम्मेच रुग्ण तपासून होतील, आणि बाहेर बाकावर उपाशी माणसं बसलेली. "मळ आहे. सोड. पुढे चल," सर म्हणत. त्या जागी, त्या काळी, ते बरोबरच होतं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट आहे. तो बहुधा अचानक होत नाही. अस्तरावर आधी एक छोटी वाढ येते, पॉलिप. ती वर्षानुवर्षं तशीच बसून राहते. तेवढ्यात सापडली आणि काढून टाकली, तर तिच्यातून कॅन्सर होतच नाही. अडचण अशी, की सगळे पॉलिप वाईट नसतात. म्हणून पूर्वी सापडेल तो कापायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. मग स्कोपच्या टोकाला निळसर प्रकाश आला. त्या प्रकाशात अस्तराची नक्षी उठून दिसते. टाचणीने टोचल्यासारखे सारखे गोल ठिपके असतील तर पॉलिप निरुपद्रवी. ठिपके लांबट होऊन फांद्यांसारखे पसरले असतील, त्यांच्याभोवती तपकिरी रक्तवाहिन्यांची जाळी असेल, तर तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारा. ही दोन रूपं ओळखायला कुणीही मेहनती विद्यार्थी शिकतो.

तिसरं रूप फसवं, आणि तेही पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारं. ते उंच उठत नाही, घडीवर सपाट पसरतं. कडा पुसट, रंग आजूबाजूसारखाच, पृष्ठभाग ढगासारखा. अंगावर त्यानेच स्रवलेल्या चिकट, पिवळट द्रवाची साय असते. ती पाण्याने धुतली तरच खाली काय आहे ते कळतं. न धुता पाहिलं तर मळ वाटतो.

पारख हे यंत्र अशा नक्षीवरच शिकलं. राज्यभरातल्या तपासण्यांची असंख्य चित्रं त्याला दाखवली गेली, आणि प्रत्येक चित्रावर आधी माणसांनी शेरा दिला: काढा किंवा सोडा. दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता शेरा द्यायचा. जुळलं नाही तर पंच निर्णय देई, आणि पंचाचा शब्द अखेरचा. मिरजेच्या केंद्रात ते दोघे म्हणजे वृषाली आणि तिच्याच वर्षाचा इम्तियाज मुजावर. पंच मगदूम सर. सपाट वाढींच्या बाबतीत तर इतर केंद्रांतले वादही सरांकडेच येत, कारण त्यांच्यासारखी नजर दुसरी नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. पिवळट थराचं चित्र आलं की मिरजेच्या दोघांचं हमखास वाजायचं. इम्तियाज म्हणायचा काढा, वृषाली म्हणायची सोडा, आणि सर म्हणायचे सोडा.

"पंचाशी हुज्जत घालायची नसते," इम्तियाज चहा पिताना म्हणायचा. "पण पंच एकाच टीमला लाडू खायला घालतो, हे बघवत नाही."

लाडू सरांच्या बायकोने, पद्माकाकूंनी, पाठवलेले असत. तेही खायचा तो. पुढे तो हुबळीला निघून गेला.

पारख आलं तसं काम बदललं. वाढ दिसली की पडद्यावर तिच्याभोवती चौकट उमटे. पिवळी म्हणजे काढा, हिरवी म्हणजे सोडा. कापलेलं प्रयोगशाळेत पाठवायची गरज उरली नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा तपासण्या होऊ लागल्या आणि आतड्याचा कॅन्सर खरोखरच कमी झाला. यंत्र चांगलं होतं. त्याच्याविषयी पुढे कुणी काही म्हटलं तरी हे खोटं ठरत नाही. पिवळं काही आढळलं नाही तर तपासणीनंतर फोनवर निरोप यायचा: आतडं निरोगी, दहा वर्षं तपासणी नको. लोक त्याला "हिरवं आलं" म्हणू लागले. कुणाचं हिरवं आलं की गल्लीत पेढे वाटले जात.

सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी वृषाली आली. आधी शिकणाऱ्याने बोलायचं हा नियम कुणी मोडला नाही, तो आपोआप गेला, कारण आता पारखच आधी बोलायचं. घडीमागून वाढ पुरती वर येण्याआधी चौकट उमटलेली असे. विद्यार्थी चौकट शोधायला शिकले आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. एकदा दुरुस्तीसाठी पारख दुपारपर्यंत बंद होतं. वृषालीने नेहमीसारखी एक तपासणी सुरू केली, आणि चौकटींशिवायचं ते आतडं तिला कोऱ्या भिंतीसारखं वाटलं. काहीच नाही, की काही आहे आणि दिसत नाही, हे तिला ठरवता येईना. उरलेल्या रुग्णांना तिने दुसऱ्या दिवशी बोलावलं. कुणीही का म्हणून विचारलं नाही.

काकूंची तपासणी त्यानंतरच्या वर्षी झाली.

पद्माकाकूंनी वृषालीला शिकण्याच्या काळात खाऊ घातलं होतं. मगदूमांचं घर जैन, सूर्यास्तानंतर तिथे कुणी जेवत नसे, काकू तर पाणीही घेत नसत. त्यामुळे वृषालीचा डबा उजेडीच तयार होऊन रुग्णालयात येई, आणि ती तो रात्रपाळीत कधीतरी उघडत असे. "जेवणार तू अंधारात, पाप माझ्या डब्याला," काकू म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा पाठवत.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी वाद झाला. रात्रीचा औषधाचा भाग प्यायला काकू तयार नव्हत्या. सर म्हणाले, ते औषध आहे. काकू म्हणाल्या, पाण्यातच मिसळलंय ना? शेवटी त्यांनी जवळजवळ सगळं औषध सूर्य मावळायच्या आत संपवलं आणि उरलेलं उजाडल्यावर घेतलं. वृषालीला हे सांगताना त्या हसत होत्या. "आतून इतकी स्वच्छ आहे मी आज, स्वयंपाकघरसुद्धा कधी एवढं घासलं नव्हतं. आता आत काही सापडलं तर ते तूच टाकलेलं असणार, बाई."

गुंगीचं इंजेक्शन थोडंसंच दिलं. सर खोलीत मागे उभे राहिले. त्यांना बाहेर थांबा म्हणणारं त्या रुग्णालयात कुणी नव्हतं.

काकू म्हणाल्या ते खरं होतं. आतडं लखलखीत होतं. स्कोप उजवीकडे, मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथपर्यंत पोचला, आणि तिथल्या एका घडीवर वृषालीला पिवळट थर दिसला. तळव्याएवढा नव्हे, नखाएवढा. तिने निळा प्रकाश लावला. थर लालसर दिसू लागला. हात थांबला. तिच्या मनात आलं ते अगदी साधं होतं: सगळं आतडं स्वच्छ असताना मळ याच एका घडीवर का राहावा?

चौकट उमटली. हिरवी.

तिचा पाय पाण्याच्या पेडलवर होता. फवारा मारायला तो नुसता दाबायचा होता.

"रात्रीचं औषध घेतलं नाही हिने," मागून सर म्हणाले. "मळ राहणारच. सोड. पुढे चल."

पारख सोडा म्हणत होतं. सर सोड म्हणत होते. दोन जाणकार, एकमेकांना न विचारता, एकच सांगत होते. अशा वेळी तिसऱ्याने हट्ट धरू नये, असं वृषालीला वाटलं. मागे कोणी नसतं तर तिने कदाचित धुऊन पाहिलं असतं. पण सरांसमोर डागामागे धावायचं म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी व्हायचं. तिने पाय पेडलवरून उचलला.

संध्याकाळी काकूंनी पेढे पाठवले. सोबत निरोप होता: उजेड आहे तोवर खा.

पुढची दोन वर्षं काकू ठीक होत्या. मग दशलक्षण पर्वातले उपवास त्यांना जड जाऊ लागले. त्या वर्षी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर चढताना अर्ध्या वाटेत त्या पायरीवर बसल्या आणि तिथूनच परत आल्या. वय झालं, असं त्याच म्हणाल्या. रक्त कमी निघालं तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त कुठून जातंय हे पाहताना आतड्याचा विचार कुणी केला नाही, कारण काकूंचं हिरवं होतं, अजून सात-आठ वर्षं पुरेल इतकं. स्वतः सरांनीच तसं सांगितलं. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले. पोटात गाठ हाताला लागू लागली तेव्हा स्कॅन झाला. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजवीकडे, कॅन्सर होता, आणि यकृतात त्याची बीजं पसरलेली होती.

वृषालीने त्या तपासणीचं चित्रण पुन्हा पाहिलं. दार लावून, आवाज चालू ठेवून. तीच घडी, तोच थर. चित्र क्षणभर थांबतं, निळं होतं, चौकट येते, सरांचा आवाज येतो, चित्र पुढे सरकतं. तिचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता.

तिने हुबळीला फोन लावला. इम्तियाजने सगळं ऐकून घेतलं. काकूंविषयी विचारलं, लाडवांची आठवण काढली. मग म्हणाला, "सर तिथे नसते तर काय केलं असतंस?"

"धुतलं असतं. बहुतेक."

"आणि सर असते, पण पारखने काहीच दाखवलं नसतं तर?"

"सरांना म्हटलं असतं, एकदा धुऊन बघू का. दोघांनीही सोडा म्हटलं म्हणून तर मी..."

"कोण दोघं, वृषे?"

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं, आणि त्याने पुढचं बोलू नये असं तिला वाटलं. पण तो बोलला.

"पारखला सपाट वाढी कुणी शिकवल्या? आपण भांडायचो, निकाल सर द्यायचे. सर मागे उभे होते आणि पडद्यावरही तेच होते. तुला एकाच माणसाने दोनदा सांगितलं."

प्रयोगशाळेच्या रिपोर्टशी ते शेरे पडताळले होते, असं ती म्हणाली. तिचं तिलाच ते दुबळं वाटलं.

"जे कापलं त्याचे रिपोर्ट होते. जे सोडलं त्याचा रिपोर्ट कुठून येणार? सरांनी कापलं नाही म्हणून रिपोर्ट नाही. रिपोर्ट नाही म्हणून सर चुकले नाहीत. कधीच. मी हुबळीला आल्यावर असले थर धुवायला लागलो. सगळे वाईट नसतात. पण असतात गं. बरेच असतात."

"कुणाला कळवलं नाहीस?"

"कुणाला कळवणार? पंचाला?"

त्यानंतर वृषाली रोज कामाला गेली, रोज हिरव्या चौकटी पाहत राहिली. फरक एवढाच, की पिवळट थर दिसला की ती आता धुऊन पाहायची. अधूनमधून खाली काहीतरी सापडायचं. ते ती काढायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची, आणि येणारं उत्तर इम्तियाजच्या बाजूचं असायचं. राज्यात किती ठिकाणी पारख चालू होतं आणि किती घरी पेढे वाटले गेले होते, हा हिशेब ती मनात सुरू करायची आणि अर्ध्यावर सोडायची.

काकूंना भेटायला ती रविवारी जायची, सूर्य वर असताना. एका रविवारी सर औषधं आणायला गेले होते. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा मेणासारखा झाला होता, बोलणं मात्र तसंच.

"तुला तेव्हा दिसलं होतं ना काहीतरी?" त्यांनी विचारलं. "मी अर्धवट जागी होते. तू थांबली होतीस. मग ते बोलले."

वृषालीने मानेनेच हो म्हटलं. मग, सांगायचं असं ठरवलेलं नसताना, तिने सगळं सांगितलं. इम्तियाज काय म्हणाला तेही. सांगून झाल्यावर तिला वाटलं, मरणाऱ्या बाईला हे का सांगितलं आपण? काकूंना मात्र त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"पारखला कुणी शिकवलं ते मला काय सांगतेस?" त्या म्हणाल्या. "वर्षभर जेवताना दुसरा विषय नव्हता घरात. अमक्या गावच्या डॉक्टरला दिसलं नाही, ते मला दिसलं." त्या जराशा हसल्या. "त्यांना सांगू नकोस."

"काकू, पण..."

"ते रोज त्या यंत्राला शिव्या देतात. देऊ देत. मी गेल्यावर त्यांना रागवायला कोणीतरी हवं. यंत्र बरं. यंत्राला वाईट वाटत नाही."

वृषालीने हो म्हटलं. सर औषधं घेऊन आले तेव्हा काकू तिला लाडवांचं प्रमाण सांगत होत्या. बेसन मंद आचेवर भाजायचं, घाई करायची नाही.

काकू हिवाळ्यात गेल्या.

पारख चालवणाऱ्या प्रकल्पाला वृषालीने त्याआधीच कळवलं होतं, की सपाट वाढींवर पारख चुकतं आहे. धुतलेल्या थरांची चित्रं आणि प्रयोगशाळेची उत्तरं तिने सोबत दिली. यंत्र असं का चुकतं, हे तिने लिहिलं नाही. काकूंना दिलेला शब्द होता. प्रकल्पाने चूक मान्य केली, आणि ती चित्रं नव्याने तपासून पारखला पुन्हा शिकवायचं ठरवलं.

त्याच सुमारास सरांनी बोलायला सुरुवात केली होती. सांगलीत डॉक्टरांच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, यंत्राने माझी बायको मारली. माणसाची नजर घडायला वीस वर्षं लागतात. ती आपण एका डब्यासाठी फेकून दिली. माणसाचा डोळा परत आणा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वृषाली मागच्या रांगेत बसली होती. तिला टाळ्या वाजवता आल्या नाहीत आणि बसून राहणंही जमेना, म्हणून तीही उभी राहिली.

भाषण गाजलं. नवे शेरे द्यायला जाणता पंच हवा होता, आणि राज्यात मगदूम सरांइतका जाणता कोण होता? प्रकल्पाने त्यांनाच विनंती केली. त्यांनी एका अटीवर होकार दिला: यंत्राची जुनी मतं आपल्याला दाखवायची नाहीत, चित्रं कोरी हवीत. मदतीला त्यांनी वृषालीला मागून घेतलं.

म्हणजे ते पुन्हा पंच होणार होते. पारखची पुढची आवृत्ती पुन्हा त्यांच्या नजरेने पाहणार होती, यावेळी जास्त विश्वासाने. इम्तियाजला तिने फोन करून हे आणि काकूंना दिलेल्या शब्दाचं सांगितलं तेव्हा तो हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "लाडू संपले, पंच तोच," म्हणाला. मग म्हणाला, "सांग त्यांना. तुझी काकू माझीही काकू होती. पण सांग."

तिने सांगायचं नाही असं ठरवलं. दाखवायचं ठरवलं. यात फरक आहे असं तिने स्वतःला समजावलं.

काम सरांच्या जुन्याच खोलीत होतं. चित्रांवर कोपऱ्यात रुग्णाचं नाव असतं. ओळख कळू नये म्हणून त्यावर काळी पट्टी ओढलेली असते. वृषालीने पहिल्या दिवसाच्या चित्रांत एक चित्र मिसळलं. सर खुर्चीत बसले. चष्मा पुसला. त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता, पण कॉलर उलटी दुमडली होती. कुणीतरी ती सरळ करायची, हे तिला आठवलं.

"आधी तुम्ही बोला, सर," ती म्हणाली.

"आता उलटं झालं म्हणायचं," सर म्हणाले. काकू गेल्यानंतर ते पहिल्यांदाच थोडे हसले होते.

ते झपाट्याने काम करत होते आणि सुंदर करत होते. फांद्यांची नक्षी आली की ते चित्र पुरतं उमटायच्या आत म्हणत, काढा. एका चित्रात तिला काहीच दिसलं नाही तिथे त्यांनी बोट ठेवून दाखवलं, आणि तिथे खरंच होतं. त्यांची नजर थोर होती. तिला तिथल्या तिथे उठून निघून जावंसं वाटलं.

मग ते चित्र आलं.

सरांनी घाई केली नाही. ते पुढे वाकले. निळ्या प्रकाशातलं चित्र पाहिलं, साध्या प्रकाशातलं पाहिलं, पुन्हा निळं पाहिलं.

"मळ आहे. सोड," ते म्हणाले आणि त्यांनी शेरा दिला. मग खुर्ची अर्धी वळवली. "आता तू बोल."

तिने काळी पट्टी बाजूला केली.

पद्मा जिनदत्त मगदूम. खाली तारीख.

सर बराच वेळ नावाकडे पाहत होते, मग घडीकडे. त्यांचं बोट वर उचललं गेलं आणि पडद्यावरून, काचेला न लागता, एका रेषेत फिरलं.

"कड आहे," ते म्हणाले. "ही बघ. इथून अशी. वर ढगासारखा पृष्ठभाग. दिसतेय की स्पष्ट."

आता त्यांना माहीत होतं, म्हणून दिसत होतं.

त्यांचं बोट त्या पुसट कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिलं. त्यांना पुढचं सगळं समजायला किती वेळ लागतो, याची ती वाट पाहत होती. ते हुशार होते. फार वेळ लागला नाही. पारखच्या जुन्या शेऱ्यांविषयी, इम्तियाजविषयी त्यांनी काही विचारलं नाही. बोट खाली आलं आणि मांडीवर पडून राहिलं.

"तुला तेव्हा दिसली होती?"

"शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?" आवाजात राग होता. खोलीत रागवायला आता एकच माणूस उरलं होतं.

"तुम्ही आधी बोललात, सर."

ते उठले. उठताना त्यांनी खुर्चीचा हात धरला, मग टेबलाची कड. दाराकडे जातील असं तिला वाटलं, पण ते मागे भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, तपासणीच्या दिवशी उभे होते तसे.

"बस तिथे," ते म्हणाले.

ती बसली. खुर्ची अजून कोमट होती. तिने पुढचं चित्र लावलं. उजव्या आतड्यातली एक घडी, ओली, गुलाबी. घडीच्या पाठीवर काहीतरी पिवळट, किंवा नुसती प्रकाशाची चमक. नाव काळ्या पट्टीखाली. कुणाच्या तरी घरची बाई, कुणाचा तरी बाप.

"आधी तू बोल," मागून सर म्हणाले.

तिने चित्राकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जसं शिकवलं होतं तसं. बरीच वर्षं ती हेच करत होती, रोज. चित्र स्थिर होतं आणि तिचे डोळे त्याच्यावर फिरत होते, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की ते काहीच शोधत नव्हते. ते चौकट उमटायची वाट पाहत होते.